पाठ न टेकणारे सर

सरांच्या घरी खुर्च्या होत्या, पण त्यांना पाठी नव्हत्या. चांगल्या सागवानी खुर्च्या, त्यांच्या वडिलांच्या वेळच्या. या गृहस्थाने सुताराला बोलावून सगळ्यांच्या पाठी करवतीने कापून टाकल्या. सुतार बिचारा म्हणाला, "मास्तरानू, तुमका स्टूलच होयी तर नवी करून देतंय. ह्या खुर्चेंनी तुमचा काय घोडा मारल्यानी?" त्यावर सर म्हणाले, "स्टुलाक कोण पाठ टेकूक जायत नाय. खुर्चेक टेकतत. म्हणान खुर्चेचीच कापूक होयी." आता बोला. सुतार चहा न घेताच गेला म्हणतात.

सरांचं म्हणणं असं की एकदा पाठ टेकायची सवय लागली की माणूस हळूहळू सगळ्यावरच टेकायला लागतो. आधी भिंतीवर, मग बायकोवर, मग देवावर. बायको त्यांनी केलीच नव्हती, त्यामुळे तो धोका नव्हता. देवळात ते जत्रेच्या दिवशी जायचे ते रांग सरळ करायला. देवगडहून येणाऱ्या एसटीत बसायला जागा मिळाली तरी ते सीटच्या पुढच्या कडेवर ताठ बसायचे, आणि आमच्या रस्त्याचे खड्डे ज्याने पाहिलेत त्याला यातलं धाडस कळेल.

ते आमचे पीटीचे सर. बूट कॅनव्हासचे, रोज ओल्या खडूने पांढरे केलेले. गळ्यात शिट्टी. ती शिट्टी शाळा सुटल्यावरही गळ्यातच. एका लग्नात अक्षता टाकायला मांडवात रेटारेटी झाली तेव्हा त्यांनी ती खरोखर वाजवली होती. भटजी मंगलाष्टक म्हणता म्हणता मध्येच थांबले, नवरामुलगा सावधान झाला आणि पाहुणे मुकाट्याने रांगेत उभे राहिले. मुलीचा बाप नंतर सरांच्या अंगावर धावून गेला असं काहीजण सांगतात, आणि काहीजण म्हणतात त्याने आभार मानले. मी तेव्हा मांडवात शिरापुरी शोधत होते, मला नक्की माहीत नाही.

ग्राउंडवर सर पुस्तकी मराठी बोलायचे. "विद्यार्थ्यांनो, आपण उजवीकडून सुरुवात करणार आहोत." राग आला की मालवणी सुरू. आम्हा मुलांना ते बरोबर कळायचं. पुस्तकी मराठी चालू आहे तोवर दंगा करायला हरकत नसायची.

पण सरांची खरी ख्याती होती खरं बोलण्याबद्दल. बोलण्याबद्दल म्हणजे काय, तो एक आजारच होता. ज्या खानावळीत ते जेवायचे तिथल्या मावशींना रोज ताटावरून उठताना कालवणात काय बिघडलं ते सांगायचे. मावशी रोज चिडायच्या आणि रोज त्यांना माशाची सगळ्यात मोठी तुकडी वाढायच्या. सरांच्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाच्या आईने सहज विचारलं, मुलगी स्वभावाने कशी आहे. सर म्हणाले, "राग आला की वस्तू फेकते. नेम मात्र चांगला आहे." बहीण आत रडायला लागली. लग्न त्याच घरात झालं, कारण त्या सासूबाई म्हणाल्या की एवढं तोंडावर सांगणाऱ्या माणसाच्या घरातली मुलगी लबाड नसणार.

आणि ती तालुक्याची कबड्डी. आमच्या शाळेची मुलं पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचली होती. शेवटची चढाई, आमचा गडी निसटून परत आला, पंचांनी गुण दिला, पोरं नाचायला लागली. सर रेषेवरून पुढे आले आणि पंचांना म्हणाले, "त्याचा पाय बाहेर गेला होता. मी पाहिला." पंच म्हणाले, मास्तर, आम्ही दिलाय ना गुण, तुम्हाला काय करायचंय. सर म्हणाले, "मला काही करायचं नाही. पाय बाहेर होता." सामना गेला. परत येताना टेम्पोत सरांशी कोणी बोललं नाही. सर मागच्या फळीला न टेकता बसले होते, आणि शाळेशी उतरल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना वडापाव वाटले. पोरांनी रागाने खाल्ले, पण खाल्ले.

हे सगळं आधी सांगतेय कारण या माणसाने आयुष्यात एकदा खोटं बोलून दाखवलं, आणि ते माझ्यापायी. मी त्याबद्दल आजवर कुणाशी नीट बोललेले नाही. कशी बोलणार, लाज वाटते.

माझी पाठ वाकडी होती. जन्मापासून नाही. आठवीत असताना नरकचतुर्दशीच्या पहाटे आई तेल चोळत होती आणि तिचा हात मध्येच थांबला. उजव्या खवाट्याशी हाड वर आलं होतं. तिने मला वाकायला लावलं. वाकल्यावर एका बाजूची पाठ उशी ठेवल्यासारखी वर आली. आईने भराभर पाणी ओतलं, आणि कपडे घालताना एवढंच म्हणाली, "कोणाक सांगा नको." मला काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. तरी त्या क्षणापासून मला कळलं की माझ्या अंगावर काहीतरी आहे जे लपवायचं असतं. मी ओढणी पसरून घ्यायला शिकले. फोटोत कडेला उभी राहायला शिकले. वेणी नेहमी त्या उंचवट्यावर सोडायची, हेही आपोआप आलं.

नववीत गेल्यावर कोल्हापूरच्या डॉक्टरांनी उभं करून एक्सरे काढला. काचेवर लावला तेव्हा कणा इंग्रजी एससारखा दिसत होता. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगत होते. वाढीच्या वयात काही मुलींना असं होतं, कारण कळत नाही, कुणाची चूक नसते. अजून उंची वाढते आहे तोवर पट्टा बांधायचा. काखेपासून कमरेपर्यंत, कडक प्लॅस्टिकचा, दिवसरात्र, अंघोळीपुरता काढायचा. असलेला बाक त्याने जाणार नाही, पण वाढायचा बहुतेक थांबेल. नाही बांधला तर बाक वाढेल आणि मग ऑपरेशन.

बाबांनी एकच विचारलं. "कपड्यावरून दिसात?"

डॉक्टर म्हणाले, "थोडा दिसेल."

बाबांच्या कलमांच्या बागा, मुंबईला आंब्याच्या पेट्या जाणार, देवळात मान, शाळेच्या कमिटीत खुर्ची. गावात चार माणसं उठून नमस्कार करणारी. परतीच्या एसटीत फोंडाघाट उतरल्यावर ते म्हणाले, "पट्टो नको. चेडवाक काय झाला म्हणान दारात माणसा येतली. उद्या लग्नाचा बघूचा आसा." आईने मान डोलावली. आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं. तो पट्टा घालून वर्गात जायची माझी तयारीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबा सरांकडे गेले आणि म्हणाले, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. पट्ट्याचं नावच काढलं नाही. सरांचा विश्वास बसला. का बसू नये? जो स्वतः कधी खोटं बोलत नाही त्याला दुसरा बोलेल हे सुचतच नसावं.

सरांनी मग कंबर कसली. शाळा भरायच्या आधी मी ग्राउंडवर जायची. आंब्याच्या आडव्या फांदीला लोंबकळायचं, पालथं झोपून छाती उचलायची, भिंतीला हात लावून ताणायचं. आणि सरांची तऱ्हा अशी की मी व्यायाम करत असताना ते माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. पहिल्याच दिवशी मी ओढणी काढायला कचरत होते हे त्यांनी पाहिलं, आणि तोंड फिरवलं. तेव्हापासून सगळ्या सूचना समोरच्या कुंपणाला. "डावा हात वर. श्वास सोड. खांदा ओढू नकोस." रस्त्याने जाणारी माणसं बघायची, मास्तर वईला व्यायाम शिकवतायत. मी चूक केली तर त्यांना श्वासावरून कळायचं म्हणे. "घाईत सोडलास श्वास. पुन्हा कर." शिवाय मी एकटी उठून दिसू नये म्हणून त्यांनी आमच्या सगळ्या वर्गाला तोच व्यायाम लावला. अख्खी नववी फांद्यांना लोंबकळत होती. पोरांना धमाल वाटायची.

त्या व्यायामाने माझे दंड चांगले झाले. पाठ मात्र वाकतच गेली. वर्षभरात मी उंच झाले आणि उंचीबरोबर बाकही वाढला. कमीजची खालची कड एका बाजूने वर जायला लागली, आई ती दर महिन्याला उसवून परत शिवायची. जिना चढताना धाप लागायला लागली. कुंपणाकडे तोंड करून उभ्या असलेल्या सरांना ती धाप ऐकू येत होती. एक दिवस कुणाला न सांगता ते एसटीने कोल्हापूरला गेले, डॉक्टरांना विचारायला, की माझा व्यायाम कुठे कमी पडतोय.

परत आले ते थेट आमच्या घरी. संध्याकाळची वेळ, बाबा ओटीवर झोपाळ्यावर बसलेले. सर बाकाच्या कडेवर बसले. मी दाराआड.

"डॉक्टरांनी पट्टा सांगितला होता," सर म्हणाले.

बाबा झोपाळ्याची कडी बघत राहिले.

"मला तुम्ही व्यायाम म्हणून सांगितलंत. मी वर्षभर तिला झाडाला लटकवत राहिलो. आता पट्ट्याची वेळ गेली. ऑपरेशन करावं लागेल, आणि ते लवकर. बाक असाच वाढला तर फुप्फुसांना जागा उरणार नाही, असं म्हणाले डॉक्टर. मुंबईला करतात, चांगलं होतं. घेऊन जा तिला."

"आता खंय न्हेतलंय?" बाबा म्हणाले. "आता न्हेलंय तर गाव इचारतला, इतके दिवस काय करी होतास? डाक्टरान सांगितल्यान तेव्हा कित्याक बांधूक नाय? लोक माज्या तोंडात शेण घालतले."

"घालू देत. पोरीचा श्वास महत्त्वाचा की..."

"तुमका चेडू नाय, सरानू. तुमका काय कळतला?"

सर उठले. अंगणात त्यांनी क्षणभर वळून पाहिलं, मग गेले. त्यानंतर रोज संध्याकाळी ते येऊन अंगणाच्या कडेला आमच्या पेळेशी उभे राहायचे. आत येत नसत, बोलत नसत. बाबा त्यांना बघून आत निघून जायचे. आईने एकदा चहा नेऊन दिला तर म्हणाले, "वहिनी, चहा नको. तिला न्या." आई आत येऊन चुलीपुढे रडत बसली. बाबा वाईट माणूस नव्हते, हे मला इथे सांगायलाच हवं. रात्री माझ्या अंगावरची चादर सारखी करताना ते माझ्या पाठीवरून हात फिरवायचे, मी झोपलेय असं समजून. पण सकाळ झाली की गाव दिसायचा, आणि माणूस गार पडायचा.

मग आली जत्रा. आमच्याकडे जत्रेला ग्रामदेव रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालतात. गावकर, म्हणजे गावचा मानकरी, मोठ्याने देवाला सगळ्या गावाचं सुखदुःख सांगतो, एकेक वाक्य झालं की जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं. वाक्य संपलं की आपोआप येतं, अर्थ डोक्यात पोचायच्या आधी.

त्या दिवशीही सर रांगा लावत होते. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. गावकराचं गाऱ्हाणं संपत आलं तेव्हा त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली आणि पुढे जाऊन गावकराशेजारी उभे राहिले. गावकर चक्रावला. "मास्तरानू, तुमचा काय गाऱ्हाना आसा? सांगा, घालतंय."

"मीच घालतंय," सर म्हणाले. मालवणीत.

"बा देवा म्हाराजा," सरांनी ग्राउंडवरचा आवाज लावला. बाबांचं नाव घेतलं. "तेंच्या चेडवाची पाठ वाकडी झाली आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"डाक्टरान पट्टो बांधूक सांगितल्यान. बापूस बांधूक तयार होतो. मिया बांधूक दिलंय नाय, म्हाराजा. म्हटलंय, माजो व्यायाम आसा, पट्टो कित्याक होयो?"

"व्हय म्हाराजा."

"माज्या शानपनान त्या चेडवाचा वाटोळा झाला. आता ऑपरेशन करूक होया. चूक माजी, म्हाराजा. बापाशीची नाय."

"व्हय म्हाराजा."

पहिल्या वेळी लोक सवयीने म्हणाले होते. तिसऱ्या वेळेपर्यंत त्यांना कळलं होतं, आणि आवाज चढला होता. त्या आवाजात बाबांचा आवाज मी ओळखला. ते पुरुषांत पुढे उभे होते, हात जोडलेले, डोळे मिटलेले. व्हय म्हाराजा. मी देवळाच्या खांबाला पाठ घट्ट लावून उभी होते, आणि सगळ्या बायका माझ्याकडे वळून बघत होत्या. दोन वर्षं ओढणीखाली जे ठेवलं होतं ते सरांनी जत्रेत सगळ्यांपुढे उघडं केलं होतं. जमीन दुभंगून आत जावं असं वाटणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. त्या क्षणी मला सरांचा इतका संताप आला की ते खोटं बोलले, हे माझ्या मनात शिरायला घरी पोचावं लागलं. आणि माझे स्वतःचे ओठही हलले होते, हे त्याहूनही उशिरा लक्षात आलं.

गावाने सरांना झोडपलं. कोणी हात लावला नाही, पण तोंडाने जे करता येतं ते सगळं केलं. "मास्तरान चेडवाची वाट लावल्यान. मोठो इलो शानो." आमच्या घरी मात्र माणसांची रीघ लागली. जी माणसं येतील म्हणून बाबा घाबरले होते तीच माणसं आली आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेली. बिचारा बाप, मास्तरावर विश्वास ठेवला. कुणी मुंबईतल्या भाच्याचा पत्ता दिला, कुणी इस्पितळाजवळ राहायची सोय केली, शेजारच्या काकीने आईला सांगितलं, गुरांचं मी बघते. बाबांना आता लपवायला काही उरलं नव्हतं. पेट्या भरायच्या हंगामाची वाटही न बघता ते मला घेऊन निघाले.

मुंबईच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी कागदावर कणा काढून दाखवला. मणक्यांत स्क्रू बसवायचे, दोन्ही बाजूंनी दोन सळया जोडायच्या, जमेल तेवढं सरळ करायचं, मग तेवढे मणके आपसात जुळून एक होतात. तेवढ्या भागात पुढे वाकता येणार नाही. पायांच्या नसांना धोका असतो, थोडा असतो, पण असतो. बाबांनी तो कागद दोनदा वाचून मग सही केली. त्या वॉर्डमध्ये माझ्यासारख्याच आणखी मुली होत्या, नांदेडची, सुरतेची, भाषा वेगळ्या, पण प्रत्येकीची ओढणी त्याच खांद्यावर, वेणी त्याच बाजूला. आम्ही एकमेकींना बघितलं आणि एकाच वेळी नजर फिरवली. मग सुरतेची हसली. त्यानंतर आम्ही ओढण्या उशाशी ठेवल्या.

शुद्ध आली तेव्हा कुणीतरी म्हणत होतं, पायाची बोटं हलव. मी हलवली. दुसऱ्या पायाची. हलवली. बाबा दारात उभे होते, ते आईला बोलवायला धावले. पुढचे काही दिवस नर्स मला ओंडका वळवावा तसं सगळं अंग एकदम धरून कुशीवर वळवायच्या. दुखणं काय सांगू, ते सांगत बसले तर यातच संपेल. पण पहिल्यांदा उभी केली तेव्हा जमीन लांब गेलेली वाटली. मी उंच झाले होते. आईच्या डोक्यावरून मला पहिल्यांदाच खिडकीबाहेरचं दिसलं.

परत आले तेव्हा ग्राउंड रिकामं होतं. पालकांनी तक्रार केली होती की या माणसाच्या हाती मुलं द्यायची नाहीत. शाळेच्या कमिटीने सरांकडून पीटी काढून घेतली आणि त्यांना ग्रंथालयात बसवलं. त्या बैठकीला बाबा हजर होते. ते काय बोलले मी विचारलं नाही. काही बोलले नसणार, हे मला माहीत होतं. आमच्या घरात सरांचं नाव निघेनासं झालं. आईने गणपतीत त्यांच्याकडे मोदक पाठवले, तर बाबा ताटावरून उठून बाहेर गेले.

सर मला बघून रस्ता बदलायचे. एकदा मी त्यांना सड्यावर, कातळाच्या माळावर, वळणाशी गाठलं. तिथे दुसरा रस्ता नव्हता. मी म्हटलं, "सर, तुम्ही खोटं का बोललात?"

ते समुद्राकडे बघत म्हणाले, "तुझ्या बाबांना तुला घेऊन मुंबईला जायचं होतं. मान खाली घालून कसे जाणार होते? मला कुठे जायचं होतं?"

"पण तुमची..."

"पाठ दुखते का?"

"नाही."

"मग जा घरी. ऊन आहे."

मी ही गोष्ट आईला सांगितली. आई म्हणाली, "गप रव. बाबांका बरा वाटाचा नाय." आणि मी गप्प राहिले. दहावी झाली, कॉलेज झालं, कुडाळला बँकेत लागले, लग्न झालं. नवऱ्याला पाठीची खूण पहिल्या भेटीतच सांगितली होती, त्याला त्याचं काही वाटलं नाही. वाटत होतं ते मलाच, आणि ते पाठीबद्दल नव्हतं. गावाला यायचे, ग्रंथालयाच्या खिडकीतून सरांचं डोकं दिसायचं, पुस्तकांच्या रांगा सरळ करताना. मी पुढे निघून जायचे.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. शाळेच्या हॉलमध्ये निरोप समारंभ ठेवला होता. बाबांना कमिटीचे माजी अध्यक्ष म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांचे गुडघे आता गेलेत, उठायला खुर्चीचा हात धरावा लागतो. मी शेजारी. एकेक वक्ता उठून सर किती शिस्तप्रिय, किती स्पष्टवक्ते हे सांगत होता, आणि प्रत्येकजण ती एक गोष्ट टाळून कडेने जात होता. मागच्या बाकांवर कुणीतरी कुणाला कुजबुजून सांगत होतं, तेच ते, ज्यांनी त्या पोरीची पाठ वाकडी केली.

माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाला बोलायचंय का, असं विचारल्यावर मी उठले. बाबांकडे बघितलं नाही. माईक हातात घेतला आणि म्हटलं, "माझी पाठ सरांमुळे वाकडी झालेली नाही. डॉक्टरांनी पट्टा सांगितला होता हे सरांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्यापासून ते लपवलं होतं. देवळात सर खोटं बोलले."

कुणी लपवलं, हे पुढचं वाक्य तोंडात आलं आणि तिथेच अडकलं. समोर बाबा बसले होते, म्हातारे, इस्त्रीचा सदरा घातलेले.

सर व्यासपीठावरून उठले. माझ्या हातातून माईक घेतला. ठणठणीत पुस्तकी मराठीत म्हणाले, "ही तेव्हा लहान होती. त्या आजारपणात तिला पुष्कळ त्रास झाला. तिला नीट आठवत नाही. जे मी देवासमोर सांगितलं तेच खरं आहे."

लोकांनी सुस्कारा सोडला. टाळ्यासुद्धा सुरू झाल्या. त्या माणसाने सगळ्या गावासमोर दुसऱ्यांदा तेच खोटं सांगितलं होतं, आणि मी एवढी मोठी बाई, शाळकरी पोरीसारखी हात बांधून बाजूला उभी होते. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा उठत होते. एका हाताने खुर्ची धरून, गुडघा दाबत, सावकाश. टाळ्या थांबल्या.

"ता ल्हान होता, सरानू," बाबा म्हणाले. "मी नाय होतंय."

"खाली बसा," सर म्हणाले. आवाज पीटीच्या तासाचा होता.

बाबा बसले नाहीत. पट्टा आपण नको म्हटला, सरांना खोटं सांगितलं, देवळात आपणच व्हय म्हटलं, कमिटीत तोंड उघडलं नाही, हे सगळं त्यांनी उभ्याने सांगितलं, मध्ये मध्ये थांबत, मालवणीत. तोवर सर माईक हातात धरून, मान खाली घालून ऐकत राहिले, चूक त्यांचीच असल्यासारखे.